रापणीचा दोर कोण किती ओढतो?

कॉलेजं सुरू झाली की 'मानसशास्त्र घेतलंय, आता पुढे?' अशा पत्रांचा हंगाम येतो. यंदा त्यात दुसऱ्या वर्षाच्या सामाजिक मानसशास्त्राबद्दलची पत्रं जास्त, म्हणून हे पान त्यांनाच दिलंय. पत्रं छोटी करून घेतली आहेत.

बाई, नमस्कार. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सामाजिक मानसशास्त्राचं पुस्तक चाळलं, तर माणसं चारचौघांत कशी वागतात, हेच सगळं. हे आमच्या वाडीतली कुठलीही म्हातारी सांगेल. त्याला कॉलेज कशाला? आणि नोकरीचं काय? – एक आई, गुहागर

म्हातारी सांगेल, खरंच सांगेल. पण तिला दोनदा विचारा. गणपतीची आरास वेळेत झाली की म्हणेल, "गाव करी ते राव न करी." पाखाडीचं काम पावसाआधी उरकलं नाही की म्हणेल, "बारभाईचा कारभार, दुसरं काय होणार!" दोन्ही वेळा ती बरोबरच. काम सुरू व्हायच्या आधी विचारलंत तर मात्र ती कोणती म्हण काढेल, ते तिलाही ठाऊक नाही. चार माणसं जमली की जोर कधी वाढतो आणि कधी घटतो, हे आधी सांगता यावं म्हणून तो पेपर आहे.

मी शिकवायचे तेव्हा पहिल्या आठवड्यात टेबलावर काजूबियांची बरणी ठेवायची. बिया किती असतील, ते प्रत्येकानं गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं. मग चार-पाच जणांनी बसून एक आकडा ठरवायचा. मग पुन्हा एकेकट्यानं चिठ्ठी. दुसऱ्या खेपेच्या चिठ्ठ्या उघडल्या की आकडे एकमेकांच्या जवळ आलेले असत. खऱ्या आकड्याच्या जवळ आलेले असतच असं नाही! "तुझा आकडा का बदललास?" विचारलं तर "नीट विचार केला, बाई" हे ठरलेलं उत्तर. शेजारणीचं ऐकून बदलला, असं सहसा कुणी कबूल करायचं नाही. हा खेळ माझा नव्हे. आर्थर जेनेस यांनी 1932 मध्ये अमेरिकेत बाटलीत घेवड्याचे 811 दाणे भरून तो केला होता. (काजूबियांचा भाव बघता मी त्या मोजून परत न्यायची.)

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या बी.ए.वर समुपदेशक होता येतं असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. पुढे एम.ए. लागतंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी हवी. या पेपराचा उपयोग सर्वेक्षण, जाहिरात, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, सामाजिक संस्था अशा ठिकाणी जास्त होतो. मुलीला विषय आवडतोय ना? मग ओढून बाहेर काढू नका.

बाई, आमच्या ग्रुप प्रोजेक्टात पाच जणी आहेत आणि काम दोघीच करतो. मॅडम म्हणतात, आपसात मिटवा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "रापणीत असा चलना नाय." शिवाय एक प्रयोगही करायचाय. मिलग्रामचा विजेच्या झटक्यांचा करू का? – एस.वाय.ची विद्यार्थिनी, मालवण

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. तुझ्या बाबांनी अर्धा धडा सांगून टाकलाय. उरलेला मी सांगते.

माक्सिमिलियां रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं 1880 च्या दशकात तरुणांना दोर ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष छापले 1913 मध्ये. एकट्यानं लावलेला जोर 100 धरला, तर आठ जण एकत्र ओढताना माणशी जेमतेम 49 भरला. त्याला वाटलं, सगळ्यांचा झटका एका वेळी बसत नाही म्हणून हे होतं. ते काही अंशी खरंही आहे. पण 1974 मध्ये अ‍ॅलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती केली. ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोरावर सगळ्यांत पुढे उभं केलं आणि मागच्यांना नुसतं ओढल्याचं सोंग करायला सांगितलं. म्हणजे दोर तो एकटाच ओढत होता, तरी जोर घटला. मागे माणसं आहेत, एवढं वाटणंच पुरलं.

यालाच पुस्तकात सोशल लोफिंग म्हणतात. यावरचा उपायही सापडलेला आहे. लटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी आधी टाळ्या आणि आरोळ्यांवर प्रयोग केले, तिथेही घोळक्यात माणशी आवाज कमी झाला. मग 1981 मध्ये त्यांनी दाखवलं, की घोळक्यातही आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की माणूस अंग चोरत नाही.

आता किनाऱ्यावर ये. होडी जाळं सोडत अर्धा फेरा मारून येते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि दोन रांगा ओढायला लागतात. तिथे उभं राहून तोंडं बघू नकोस, पाय बघ. खरा जोर लावणाऱ्याची टाच वाळूत रुततेच. नुसता हात टेकवून चालणाऱ्याची पावलं सपाट पडतात, आणि मागच्याला ती दिसतात. तो गप्प बसत नाही, हे तुला मी सांगायला नको. वर शेवटी तारली-बांगड्याचे वाटे पडतात, तेही सगळ्यांसमोर. कोण किती ओढतोय ते दिसतं, आणि ओढल्याचा वाटा घरी जातो. रापणीत कुणी अंग चोरतच नाही असं नाही, पण तिथे ते लपत नाही.

तुमच्या प्रोजेक्टात काय आहे? एक फाइल, पाच नावं, पाचही जणींना सारखे गुण. आळसाला याहून चांगली सोय कोण करून देईल? तेव्हा भाग वाटून घ्या, प्रत्येक भागावर करणारीचं नाव घाला, आणि तोंडी परीक्षेत जिचा भाग तिनंच बोलायचं, असं मॅडमना आधीच सांगून ठेवा. भांडणाची गरज नाही. पण त्याआधी त्या तिघींना विचार, की तुम्ही भेटता कधी? कॉलेज सुटल्यावर भेटत असाल आणि एखादीची गावाकडची शेवटची एसटी त्याच वेळी असेल, तर तिला आळशी म्हणून मोकळं होणं बरं नव्हे.

मिलग्रामचा प्रयोग अजिबात करायचा नाही. मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं येल विद्यापीठात 1961 मध्ये सुरू केलेल्या त्या प्रयोगात, माणूस हुकूम कुठवर पाळतो ते बघायला, दुसऱ्याला विजेचे वाढते झटके द्यायला सांगत. झटके खोटे होते, पण झटका देणाऱ्यांना फुटलेला घाम खरा होता. पहिल्या अहवालातल्या 40 पुरुषांपैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. आज कुठलीही नैतिक समिती त्याला त्या रूपात परवानगी देणार नाही. स्टॅनफर्डच्या 1971 च्या तुरुंगाचंही नाव काढू नकोस. तिथे तरुणांना खोट्या तुरुंगात कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं. तिथल्या पहारेकऱ्यांना कसं वागायचं याचे धडे आधीच मिळाले होते, हे पुढे उघड झालंय. तो प्रयोग म्हणून कच्चाच.

त्याच मिलग्रामचा 1969 चा एक निरुपद्रवी प्रयोग आहे, तो करा. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर त्याची माणसं उभी राहून समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे बघत. एकच माणूस बघत असला तर जाणाऱ्यांपैकी 42 टक्के वर बघत, पण थांबत फक्त 4 टक्के. पंधरा जण बघत असले तर 86 टक्के बघत आणि 40 टक्के थांबत. तुम्ही भरड नाक्यावर एखाद्या रिकाम्या गच्चीकडे बघा. आधी एकीनं, मग तिघींनी. उरलेल्यांनी लांब उभं राहून मोजायचं: किती गेले, किती जणांनी वर बघितलं, किती थांबले. दर खेपेला वेळ सारखाच. जेटीवर उभं राहून किल्ल्याकडे मात्र बघू नका, तिकडे सगळे बघतातच! आणि आधी मॅडमची परवानगी घ्या, म्हणजे कुणी हटकलं तर सांगता येईल. पाच जणींना पुरेल एवढं काम आहे.

पुतणे मुंबईहून गणपतीला येतात. दीड दिवस मोबाइलात डोकं, कुणाशी धड बोलणं नाही. पैसा आला, शिष्ट झाले. तुमचं शास्त्र यावर काय म्हणतं? – एक काका, हर्णै

काका, शास्त्र म्हणतं, की दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या वागण्याचं परिस्थितीत. ली रॉस यांनी 1977 मध्ये यातल्या पहिल्या खोडीला मूलभूत चूक म्हटलं. जोन मिलर यांनी 1984 मध्ये शिकागो आणि मैसूरची माणसं ताडून बघितली, तर लहान मुलांत फारसा फरक नव्हता, पण मैसूरची मोठी माणसं परिस्थितीकडे जास्त बोट दाखवत होती. म्हणजे ही नजर आपल्याकडे आहे. ती पुतण्यांवर वापरून बघा: गर्दीतला रात्रभरचा प्रवास, सुट्टी मोजून मिळालेली, आणि साहेबाचा फोन आरतीतसुद्धा वाजतो.

तेही तुमच्याबद्दल बोलत असतील बरं. भात लावून झालेलं असतं, कापणीला अवकाश असतो, नेमके तेव्हाच ते येतात आणि तुम्हाला ओटीवर बसलेले बघतात. मग 'गावची माणसं आळशी' हे मुंबईला जाऊन सांगायला ते मोकळे.

आमच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडताना लोक व्हिडिओ काढत उभे होते. माणुसकी संपली का? – घरगुती खानावळ चालवणाऱ्या, दिवेआगर

ताई, गर्दीत माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. डार्ली आणि लटाने यांच्या 1968 च्या प्रयोगात पलीकडच्या खोलीत कुणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच, असं वाटलं तेव्हा 85 टक्के जण तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा 31 टक्के. (न्यूयॉर्कमध्ये 1964 मध्ये झालेल्या एका तरुणीच्या खुनात 38 साक्षीदार नुसते बघत राहिले, ही गोष्ट अजूनही सांगतात. ती तशी घडलेली नाही.)

म्हणून "कुणीतरी वाचवा" असं ओरडू नका. एकेकाकडे बोट दाखवून काम सांगा: "अहो निळा शर्ट, 112 ला फोन लावा. दादा, तुम्ही जीवरक्षकाला बोलवा. तू पळत जा, होडीवाल्याला आण." पोहता येत नसेल त्यानं पाण्यात उतरायचं नाही. दोर, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेकायचं. तुमच्या पडवीत एक लांब दोर आणि दोन रिकामे कॅन कायम टांगून ठेवा, आणि ते कुठे आहेत ते राहायला येणाऱ्यांना खोली दाखवतानाच सांगा.