पावसाळ्यात वाळेल तेच फडकं घ्या

तुम्ही विचारलंय की पुण्याहून बेळगावला बदली झाली, टिळकवाडीत भाड्यानं घर घेतलंय, टिश्यू रोलवर पैसे घालवायचे नाहीत. मग घर पुसायला धुऊन परत वापरता येतील अशी कापडं कुठली घ्यावीत, सुती की मायक्रोफायबर, आणि किती?

मी बेळगावातल्याच वडगावात राहते. तीसेक वर्षं याच ओट्यापाशी उभी आहे, म्हणून सांगते: दुकानात फडकं हातात घेतलं की आधी विचार करा, हे जुलैत वाळेल का? पाणी शोषणारी कापडं पुष्कळ मिळतात. पण इथं जूनमध्ये पावसानं एकदा धरलं की सप्टेंबरपर्यंत ऊन बघायला मिळेल याचा भरवसा नाही, आणि खानापूरकडं तर बोलायलाच नको. ओलं फडकं बोळा करून ओट्याच्या कडेला टाकलं की दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास मारतो. तो वास ओलीत वाढलेल्या जंतूंचा. त्याच फडक्यानं ताटं पुसली की ताटांनाही तोच वास. त्यामुळं जाड टर्किश टॉवेलचे तुकडे एप्रिलमध्ये कितीही छान वाटले, तरी स्वयंपाकघरासाठी घेऊ नका.

सगळ्यात उत्तम म्हणजे जुनं सुती धोतर. आमच्या सासऱ्यांच्या दोन धोतरांची फडकी मी कितीतरी वर्षं वापरली. धुऊन धुऊन खळ पार निघून गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं, आणि कापड पातळ म्हणून रात्री दोरीवर पसरलं की पावसातही सकाळपर्यंत बऱ्यापैकी वाळतं. हातभर लांबीचे तुकडे करा, फाडलेल्या बाजू दुमडून शिलाई मारा, नाहीतर ताटावर दोरे राहतात. काठाची बाजू तशीच ठेवली तरी चालते. तुमच्याकडं धोतर कुठलं म्हणा! मग इथल्या रविवार पेठेत नाहीतर खडेबाजारात पातळ पंचे घ्या, किंवा मांजरपाट (साधं कोरं सुती कापड) मीटरवर घ्या. मात्र नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पितच नाही, नुसतं ढकलतं. गरम पाण्यात साबण घालून दोन-तीनदा धुतल्यावरच कामाला घ्या. वर पाण्याचा थेंब टाकून बघा. मण्यासारखा उभा राहिला तर अजून एकदा धुवा.

कॉटन म्हणून मिळणारं सगळं कॉटन नसतं. हे मी एक साडी फाडून शिकले. दुकानदारानं कॉटन म्हणून गळ्यात मारलेली, जुनी झाल्यावर फडकी केली, आणि सांडलेलं दूध ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाला फिरवत बसले. शेजारच्या विणकर मामांनी कडेचा एक दोरा ओढला आणि काडी लावली. दोरा वितळून आक्रसला, टोकाला काळा कडक मणी झाला, प्लॅस्टिकचा वास आला. खरं सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटानं चुरते. आता मी फडक्यासाठी काही फाडायच्या आधी मोरीत उभी राहून एक दोरा जाळतेच.

मायक्रोफायबर वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. ते पॉलिस्टर आणि नायलॉनच्या केसाहून बारीक धाग्यांचं असतं, म्हणून कोरडंच फिरवलं तरी टीव्ही, आरसा, कपाट यांवरची धूळ धरून ठेवतं. पातळ असेल तर वाळतंही पटकन. पण मी एकदा घाईत त्यानं तापलेला तवा उतरवला, तर निम्मं कापड कडेला चिकटून बसलं. सुरीनं खरवडून काढावं लागलं. गरम भांड्याला, इस्त्रीला ते लावू नका, कपडे मऊ करायच्या लिक्विडात बुडवू नका (धाग्यांवर थर बसतो), आणि टॉवेलबरोबर मशीनला टाकू नका, सगळा कापूस त्यालाच चिकटतो. धुताना त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतूही सुटतात. दोन पुरेत.

बाकीच्या धुळीसाठी जुने बनियन घ्या, त्याहून चांगलं काही नाही.

स्वयंपाकघराची सुती फडकी रोज रात्री साबणानं धुवा. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. सुती असण्याचा मोठा फायदा हाच. पिळल्यावर घडी घालून टांगू नका, पूर्ण पसरा. संडास-मोरीचं फडकं वेगळं ठेवा, त्याच्या कोपऱ्याला लाल दोरा शिवा. आमच्याकडं धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी कन्नड बोलतात, फडक्याला ‘अरबी’ म्हणतात. ‘केंपु दार’, म्हणजे लाल दोरा, एवढं सांगितलं की कधी घोटाळा होत नाही. ब्लीचमध्ये फडकं भिजवणार असाल तर त्यात संडासाचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू होतो.

दोघांच्या घराला ओट्याची आठ, धुळीची चार, फरशीची तीन धरा. फरशीचं पोतेरं मात्र गडद रंगाचं घ्या. पावसात चपलांबरोबर इथली तांबडी माती घरात येते, आणि पांढऱ्या कापडावरचा तिचा डाग उकळूनही जात नाही.