प्रश्न तुमचे : ॲनिमेचं (जपानी ॲनिमेशनचं) इंग्रजी डबिंग नेमकं कुठे बिघडतं?

प्रश्न : जपानीत अंगावर येणारा प्रसंग इंग्रजीत ऐकला की कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटतं. इंग्रजी कलाकार कमी पडतात का?

उत्तर : काही वेळा पडतात. पण बहुतेकदा गडबड कलाकार रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये शिरण्याआधीच, संहितेत झालेली असते.

आधी रेकॉर्डिंगची पद्धत पाहू. जपानमध्ये परंपरेने एका भागातले कलाकार एकाच खोलीत जमतात. समोर मोजके माइक, पडद्यावर चित्रं (तीही बरेचदा अर्धवट), हातात संहिता. समोरच्याचा श्वास ऐकून उत्तर देता येतं. इंग्रजीत कलाकार सहसा एकटा असतो. हेडफोनमध्ये तीन बीप वाजतात आणि चौथी जिथे वाजली असती तिथे बोलायला सुरुवात करायची. समोरच्या पात्राचं इंग्रजी वाक्य अजून रेकॉर्ड झालं नसेल, तर मूळ जपानी वाक्य ऐकून प्रतिक्रिया द्यावी लागते. म्हणून भांडणात एक जण तावातावाने बोलतो आणि दुसरा जणू हवापाण्याच्या गप्पा मारत असतो. हा सूर जुळवणं डबिंग-दिग्दर्शकाचं काम.

आता ओठ. टीव्हीवरच्या ॲनिमेत तोंडाची बहुधा तीनच चित्रं असतात : मिटलेलं, अर्धवट उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे अक्षर न् अक्षर जुळवावं लागत नाही. सुरुवात, शेवट आणि मधले थांबे जमले की डोळा फसतो. खरा काच लांबीचा. सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) धरल्या, तर ७२ फ्रेम हलणाऱ्या तोंडाला तीन सेकंदांचं वाक्य हवं. अनुवाद दोन सेकंदांत संपला तर उरलेली जागा ‘वेल’, ‘आय मीन’, ‘यू नो’ असल्या भरताडाने भरली जाते. अनुवाद लांबला तर कलाकार धावत सुटतो. अमेरिकेत १९६७ साली आलेल्या ‘स्पीड रेसर’ या मालिकेच्या इंग्रजी डबमधली दम न घेता केलेली बडबड त्यातलीच.

त्यात वाक्यरचनेची भर. जपानीत आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे धक्काही शेवटी बसतो आणि चित्रातला चेहरा त्याच क्षणी बदलतो. इंग्रजीत क्रियापद आधीच बोलून झालेलं असतं. कसलेला संवादलेखक वाक्य फिरवून कळीचा शब्द शेवटी आणतो; नवखा तसंच सोडतो, मग चेहरा उशिरा बदलल्यासारखा दिसतो. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या चित्रपटाचे १९९९ चे इंग्रजी संवाद नील गेमन यांच्यासारख्या कथालेखकाकडून लिहून घेतले, ते उगाच नव्हे.

दोष कुणाचा हे ओळखायचं तर डोळे मिटून दोन मिनिटं ऐका. वाक्यंच अवघडलेली वाटली तर संहिता. मिटल्या डोळ्यांनी ठीक आणि उघडल्यावर खटकलं तर लांबी. एकच पात्र खटकलं तर कलाकाराची निवड. आणि हेही खरं, की जपानी येत नसेल तर तिथला सुमार अभिनय आपल्या कानाला टोचतच नाही.

प्रश्न : इंग्रजी ट्रॅकवर संवाद दबतात, संगीत मात्र दणदणतं. डबिंग खराब की टीव्ही?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. अनेक डिस्कवर जपानी ट्रॅक स्टीरिओ (दोन स्पीकरचा) आणि इंग्रजी ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा) असतो. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे जातात. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा. मधला स्पीकर असेल तर त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. दोन्ही ट्रॅकची तुलना करण्याआधी आवाजाची पातळी सारखी करा. जरा मोठा वाजणारा ट्रॅक कानाला उगाचच चांगला वाटतो.

प्रश्न : इंग्रजी आवाज आणि इंग्रजी सबटायटल जुळत का नाहीत?

उत्तर : ती सबटायटल जपानी संवादांचा अनुवाद असतात; ओठांसाठी वळवलेले डबचे संवाद वेगळे. यादीत ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे बहुधा ऐकू येणाऱ्या डबचेच शब्द) असा पर्याय असेल तर तो निवडा. उलट, काही जुन्या डीव्हीडींवर डबचीच संहिता सबटायटल म्हणून छापलेली आहे. तिच्यावरून मूळ जपानी संवाद ताडू नका.

प्रश्न : मालिका सुरू असतानाच येणारे डब कच्चे असतात का?

उत्तर : घाई असते, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे लेखकाला पुढची कथा सहसा ठाऊक नसते. फ्युनिमेशन या अमेरिकी डबिंग-वितरण कंपनीने २०१४ पासून असे डब नियमित सुरू केले. जपानीत कर्ता गाळता येतो, त्यामुळे बुरख्याआडचं पात्र पुरुष की बाई हे बारा भाग झाकून ठेवता येतं. इंग्रजीत ‘ही’ की ‘शी’ हे दुसऱ्याच वाक्यात ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला तर पुढे तो निस्तरत बसावं लागतं.

प्रश्न : चांगला डब ऐकायचा तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : ‘काउबॉय बीबॉप’, २६ भाग. दिग्दर्शन मेरी एलिझाबेथ मॅकग्लिन, नायक स्पाइकचा आवाज स्टीव्ह ब्लम. अमेरिकेत तो २००१ पासून टीव्हीवर दिसू लागला. जॅझ, पाश्चात्त्य नावं, इनामासाठी गुन्हेगार पकडणारे भटके शिकारी असा सगळा माहोल असल्याने इंग्रजी तिथे उपरी वाटत नाही. ‘सेन्पाई’, ‘सान’ अशा संबोधनांवरच नाती तोललेली शाळेची मालिका मात्र जपानीतच पाहा.