व्हीलचेअर घेऊन लंडनला येताय, तर

ताई, मुलीची व्हीलचेअर घेऊन ठाण्याहून लंडनला यायचं म्हणताय आणि विचारताय की इथले रस्ते, बस, ट्रेन तिला झेपतील का. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

घर शोधताना भाड्याआधी ट्यूबचा, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा बघा. जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांत पायऱ्यांशिवाय जाता येतं. त्यातही निळ्या गोलातली व्हीलचेअर म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत. पांढऱ्या गोलातली म्हणजे फक्त फलाटापर्यंत, पुढे फट किंवा पायरी. डीएलआर ही पूर्वेकडची हलकी रेल्वे सुरुवातीपासूनच पायरीविना आहे. लिफ्ट बंद पडतात, त्यामुळे दुसरा रस्ता डोक्यात असू द्या.

बस मात्र सुख आहे. मधल्या दारातून रॅम्प बाहेर येतो. जागा एकाच खुर्चीची, आणि तिथे हमखास बाबागाडी उभी! डग पॉली नावाच्या व्हीलचेअरवरच्या गृहस्थांचा याच जागेवरून खटला इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१७ च्या निकालानुसार ड्रायव्हरने एकदा विनंती करून गप्प बसायचं नाही, आणखी आग्रह धरायचा. तरी समोरचा हललाच नाही, तर पुढची बस.

शाळेचं विचारलं नाहीत, पण सांगतोच. मुलाच्या गरजांचा ईएचसी (शिक्षण, आरोग्य, देखभाल) प्लॅन स्थानिक काउन्सिलने २० आठवड्यांत द्यावा असा कायदा आहे. आमच्या मुलाच्या वेळी त्याहून कितीतरी महिने गेले; तोही व्हीलचेअरवर असतो. दर वेळी नवा माणूस, तोच फॉर्म, आणि ‘मूल चालू शकतं का?’ हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. अजून आठवलं की डोकं तापतं. प्रत्येक ईमेल जपून ठेवा, फोनवर काही ठरवू नका.

एकटेपणा? असतो. गणपतीला मंडळात जा, चार ओळखी होतील.

खरं अवघड वेगळंच आहे. पुण्यात आईचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा लहान असताना शेजारचे काका, वॉचमन धावत यायचे, खुर्चीसकट वर न्यायचे. त्याला गंमत वाटायची. आता तो सोळाचा आहे, इथे एकटा बसने कॉलेजला जातो. गेल्या दिवाळीत म्हणाला, ‘बाबा, तुम्ही जाऊन या. मला कोणी उचललेलं नको.’ त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. काकांचंही काय चुकलं? आईचे गुडघे गेलेत, ती खाली उतरत नाही. ती विचारते तेव्हा मी परीक्षेचं कारण सांगतो.

तुमच्या ठाण्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना? मग ते घर विकू नका.