नाशिकजवळ कालव्याच्या काठी निवांत दिवस घालवायला कुठे जावं?

परदेशात कालव्यावरच्या लॉकपाशी बसून, नावा वर चढताना-उतरताना पाहत तुमचा अख्खा दिवस गेला. तसं नाशिकजवळ काही आहे का, असं तुम्ही विचारलंय.

तसं लॉक इथे नाही. दोन दरवाज्यांमध्ये नाव घ्यायची आणि आतलं पाणी पुढच्या पातळीला आणायचं, हे नावा चालतात तिथेच लागतं. आपल्याच गोदावरीवर, पार खाली आंध्रात धवळेश्वरमला, आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्याच्या १८५२ साली पुऱ्या झालेल्या बंधाऱ्यापाशी अशी लॉक्स आहेत. आपले कालवे शेतीचे. इथले दरवाजे पाणी अडवायला आणि सोडायला.

तरी तुम्ही नांदूरमधमेश्वरला जाच. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. ब्रिटिश अमदानीतल्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघून कोपरगाव-राहात्याकडे जातात. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, सुरू असेल तेव्हा जा. पाटाला पाणी सुटलेलं असलं की दरवाज्याखालून ते घुसळत, फेसाळत बाहेर येतं आणि थोडं पुढे गेलं की असं शांत होतं, की वाहतंय हे काडी टाकल्यावरच कळावं. माझं आजोळ इथलंच, निफाड तालुक्यातलं. लहानपणी मामा पाटकऱ्याशी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणाऱ्या माणसाशी, बोलत उभा असायचा, कुणाच्या चारीला (शेतात जाणाऱ्या छोट्या पाटाला) पाणी कधी मिळणार ते ठरवत, आणि मी तेवढा वेळ पाण्याकडे बघत बसायचो. अजूनही तिथे गेलो की तसाच बसतो.

बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना घर मिळालं. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच चापडगावला पोचा. मनोऱ्यावरून थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक दिसतात. जांभळी पाणकोंबडी तर लव्हाळ्यातून अगदी जवळ येते. दुर्बीण हवीच.

जाताना चांदोरी-सायखेड्याचा रस्ता धरा, दोन्हीकडे द्राक्षबागा लागतात. भाकरी-ठेचा घरूनच बांधून घ्या, झाडाखाली बसून खाण्यात मजा आहे. उन्हं कलली की पुन्हा कालव्यावर या. मुलं बरोबर असतील तर त्यांना काठावरून खाली उतरू देऊ नका: अस्तरीकरण केलेल्या उतारावर शेवाळ असतं, पाय घसरला तर धरायला काही नसतं, आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते.