टपालपेटी : ‘पासून’ एकच, इंग्रजीत मात्र दोन

प्रश्न : ताई, मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी. ए. झालं, पहिलीपासून सगळं मराठीतून. २०२३ च्या तलाठी परीक्षेत मराठी आणि सामान्य ज्ञान बरं गेलं, इंग्रजीनं घात केला. आता शब्दांचं जाडं पुस्तक आणलंय. रोज वीस शब्द पाठ करते, आठ दिवसांत विसरते. अमरावतीला क्लास लावायची घरची ऐपत नाही. वेचणीच्या दिवसांत तर दिवसभर वावरातच असते. घरी बसून इंग्रजी सुधारेल का?

उत्तर : सुधारतं, बाई. पण आधी ते जाडं पुस्तक मिटून फडताळात ठेव. मीही ‘ए’पासून सुरू केलं होतं. पहिल्या पानावरचा ‘ॲबँडन’ मला चार वेळा नव्यानं पाठ झाला आणि गाडी ‘सी’च्या पुढे काही गेली नाही. आज पोस्टाच्या काउंटरला बसते ती त्या पुस्तकामुळे नाही. बसते ती चुकांच्या एका वहीमुळे.

आता तुझा पेपर आठव. एकूण १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. त्यातले २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण, इंग्रजीचे. चुकीला गुण कापत नव्हते, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नव्हतं. तू सोडलेस का, ते पत्रात लिहिलं नाहीस. सोडले असशील तर पहिली चूक तीच, आणि तिचा व्याकरणाशी काही संबंध नाही.

व्याकरणाचं म्हणशील तर माझी एक चूक सांगते. एका परीक्षेत ‘चूक शोधा’मध्ये वाक्य होतं : ‘वी आर लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ मला त्यात काहीच वावगं दिसेना. ‘चूक नाही’ यावर गोल करून मोकळी झाले. चुका मात्र दोन होत्या. मला त्या दिसल्या नाहीत, कारण ते वाक्य इंग्रजी अक्षरांतलं माझंच मराठी होतं : ‘आम्ही दहा वर्षांपासून इथे राहतो.’

आपल्या बोलीत बघ. ‘मी सकाळपासून कापूस वेचून राहिली’ आणि ‘मी दोन घंट्यापासून कापूस वेचून राहिली’. आपल्याला दोन्हीकडे ‘पासून’ पुरतो. इंग्रजी विचारते, हा ‘पासून’ कशाचं उत्तर आहे? ‘सकाळ’ हे ‘कधी’चं उत्तर, तिथे ‘सिन्स’. ‘दोन घंटे’ हे ‘किती वेळ’चं उत्तर, तिथे ‘फॉर’. आणि काम मागे सुरू होऊन अजून चालूच आहे, म्हणून ‘ॲम पिकिंग’ नाही, ‘हॅव बीन पिकिंग’. माझ्या त्या वाक्यातही ‘आर लिव्हिंग’च्या जागी ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं होतं आणि ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’.

आपलं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ ऐकून पुण्याकडची माणसं हसतात. हसू देत. चालू काळाचं रूप आपल्या जिभेवर आयतंच आहे. फक्त एक खड्डा आहे. आपण ‘मले समजून राहिलं’ असंही म्हणतो आणि मग हात आपोआप ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ लिहितो. नो, अंडरस्टँड, बिलाँग, ओन ही क्रियापदं बहुधा आयएनजीला जवळ करत नाहीत. परीक्षकाला हा खड्डा पक्का ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट भाऱ्याची. ‘काड्यांचा भारा पडला आहे’ या वाक्यात ‘भारा’ क्रियापदाजवळ आहे, म्हणून आपण ‘पडला’ बरोबर लावतो. इंग्रजी हे उलटं मांडते : ‘द बंडल ऑफ स्टिक्स’. आता क्रियापदाशेजारी काड्या येऊन बसल्या, त्या दिसल्या की आपण ‘आर’ लिहितो. पडलाय तो भाराच, म्हणून ‘इज’. असं वाक्य आलं की ‘ऑफ’पासूनच्या तुकड्यावर बोट ठेवून तो झाकायचा. मी अजूनही झाकते.

तर वही अशी कर. एका पानावर एकच चूक. डावीकडे डोक्यात आलेलं मराठी वाक्य, जसं आलं तसं, वऱ्हाडीत आलं तर वऱ्हाडीत. उजवीकडे बरोबर इंग्रजी. ‘तिनं त्याच्याशी लग्न केलं’मधला ‘शी’ आपल्याला ‘मॅरिड विथ हिम’कडे ओढतो, बरोबर आहे नुसतं ‘मॅरिड हिम’. ‘त्याबद्दल चर्चा केली’मधला ‘बद्दल’ ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ आणतो, तो नकोच. ‘माझ्यापेक्षा सीनिअर’मधला ‘पेक्षा’ आपण ‘दॅन’ करतो, तिथे ‘टू’ लागतो. माझी वही साठेक पानांवर थांबली. पुढे त्याच त्याच चुका फिरून येऊ लागल्या. चुका जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतानाच सापडतात, आणि एमपीएससीच्या संकेतस्थळावर जुने पेपर उत्तरतालिकेसह फुकट आहेत. नेट धाब्यावरच येत असेल तर एकदाच चढून उतरवून घे.

आता शब्द. नुसती यादी टिकत नाही, त्याला खुंटी लागते. तुमच्या गावात कृषी केंद्र असेलच. तिथल्या फळीवर इन्सेक्टिसाइड, हर्बिसाइड, फंगिसाइड मांडलेले असतात : कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक. शेपूट सगळ्यांना एकच, ‘साइड’, लॅटिनमधलं, मारण्याच्या अर्थाचं. हे शेपूट धरून पुढे चल : होमिसाइड मनुष्यवध, फ्रॅट्रिसाइड भावाची हत्या, रेजिसाइड राजाची, जेनोसाइड अख्ख्या वंशाची. ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ या प्रश्नात हेच विचारतात. एका फळीवर सात शब्द झाले.

डब्यासोबत घडी घातलेली माहितीपत्रिका मिळते, ती टाकू नकोस. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून मी ती इंग्रजी-मराठी दोन्ही वाचते. लेबलवरचा त्रिकोण तर बघच : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्या कागदावर ‘अँटिडोट’ भेटेल, म्हणजे विषावरचा उतारा. परीक्षेत त्याच्याशेजारी मुद्दाम ‘ॲनेक्डोट’ ठेवतात, म्हणजे छोटासा किस्सा. ज्यानं डब्यावर वाचलं त्याचा गोंधळ होत नाही.

वीसऐवजी रोज पाच शब्द घे. संध्याकाळी एकदा, तीन दिवसांनी, आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा बघ. अर्थ झाकून आधी आठवायचा, मग बघायचा. नुसतं वाचत गेलीस तर आलं आलं असं वाटतं आणि ऐन वेळी काही येत नाही. वेचताना वही हातात धरता येत नाही, पण काल संध्याकाळचे पाच शब्द कापसाची एक ओळ वेचून होईस्तोवर मनात फिरवता येतात.

प्रश्न : इंग्रजी पेपर वाचलाच पाहिजे असं सगळे सांगतात. आमच्या गावात तो येतच नाही. काय करावं? (वाचक, ता. कारंजा, जि. वाशीम)

उत्तर : रोज नकोच. आठवड्यातून एकदा मोबाइलवर एकच बातमी घ्या, पण आधी मराठीत वाचलेली. कापसाचा हमीभाव घ्या ना. २०२४-२५ ला लांब धाग्याचा क्विंटलला ७,५२१ रुपये होता, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर कापूस परत येतो, हेही घरात सगळ्यांना पाठ. मग इंग्रजी बातमीत ‘प्रोक्युअरमेंट’, ‘मॉइश्चर’, ‘अरायव्हल्स’ आले की डिक्शनरी उघडावी लागत नाही. परराष्ट्र धोरणावरचा अग्रलेख एवढ्यात नको. विषय परका, भाषा परकी, माणूस दुसऱ्याच ओळीला जांभया देतो.

प्रश्न : मुलगा पोलीस शिपाई भरतीची तयारी करून राहिला. क्लासवाला इंग्रजीचे वेगळे पैसे मागतो. द्यावे काय?

उत्तर : नाही, दादा. शिपाई भरतीची लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची. त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण एवढंच. इंग्रजी नाहीच. भरतीच्या जाहिरातीतलं ते पान काढा, क्लासवाल्याच्या टेबलावर ठेवा आणि इंग्रजी यात कुठं आहे ते त्यालाच दाखवायला लावा. त्या पैशात पोराला धावायचे चांगले बूट येतील. मैदानी चाचणी ५० गुणांची आहे.