ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड पाण्यात ठेवून खराब होतं का?

तुम्ही लिहिलंय, वाशीच्या कॉलेजात तुरटी आणि अमोनियापासून केलेलं जेल मे महिनाभर बाटलीत राहिलं आणि आता ॲसिडमध्ये पटकन विरघळत नाही. खराब नाही झालं. पदार्थ तोच आहे, आतली रचना बदलली.

ताजा गाळ स्फटिकरूप नसतो. ॲल्युमिनियमचे अणू ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांनी कसेबसे जोडलेले, मध्ये भरपूर पाणी अडकलेलं, पृष्ठभाग प्रचंड. म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की हलवता हलवता तो दिसेनासा होतो. ठेवून दिल्यावर अडकलेलं पाणी हळूहळू सुटतं, जोडण्या पक्क्या होतात आणि बायराइट किंवा गिब्साइटचे (ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचेच दोन स्फटिकरूप प्रकार) स्फटिक बनायला लागतात. मग ॲसिडला आत शिरायला जागाच उरत नाही. उष्णतेने हे लवकर होतं (आपल्याकडचा मे म्हणजे विचारायलाच नको), आणि अमोनिया जास्त पडला असेल तर बायराइटचं फावतं.

ऑक्साइड झालं असेल ही शंका सोडा. गिब्साइटमधलं पाणी काढायला साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं.

ॲसिडिटीवरच्या जेलवाल्यांनाही हीच डोकेदुखी असते. सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक गोड पदार्थ) घातलं की स्फटिक होणं लांबतं.

आहे ते जेल वापरायचंच असेल तर जरा तीव्र ॲसिड घेऊन कोमट करा, वेळ द्या. सबमिशनसाठी मात्र सरळ ताजं करा, दहा मिनिटांचं काम आहे. अमोनिया थेंबाथेंबाने घाला आणि पीएच 7 च्या आसपास थांबा, तिथे ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.