अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या ‘वर्ल्ड गॉन राँग’ या अल्बमात त्याचं स्वतःचं एकही गाणं नाही. तरी ऐकावा का?

जरूर ऐका. १९९३ च्या या अल्बमात दहाही गाणी जुनी आहेत, लोकगीतं आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी. साथीला कोणी नाही. गिटार त्याचीच, क्वचित माउथऑर्गन. मला तर त्याच्या कित्येक गाजलेल्या अल्बमांपेक्षा हा जवळचा वाटतो.

सुरुवात ‘डिलिया’पासून करा. १९०० च्या नाताळात जॉर्जियातल्या सव्हाना शहरात १४ वर्षांच्या डिलिया ग्रीनला गोळी घालून मारलं, त्यावरचं हे गाणं. डिलन ते पाच मिनिटांहून जास्त वेळ आवाज न चढवता गातो. सगळे सोबती गेले, हे ध्रुवपद परत परत येतं आणि दर वेळी जास्त लागतं.

मग अल्बमातलं ‘ब्रोक डाउन इंजिन’ ऐका आणि ब्लूज गायक ब्लाइंड विली मॅकटेलचं १९३१ चं मूळ गाणंही ऐका. डिलनने ते कुठून उचललं ते लगेच कळेल.